हापूस भरलेला बेक्ड चीजकेक: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

नावात केक असला तरी चीजकेक हा केक नाही. ही एक गोष्ट आधी डोक्यात बसली की पुढच्या अर्ध्या चुका टळतात. केक मैदा आणि बेकिंग पावडरवर फुगतो, तर चीजकेक दुधातल्या आणि अंड्यातल्या प्रथिनांमुळे उष्णतेने धरतो. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो खरवस. खरवस मंद आचेवर वाफवला तर लोण्यासारखा कापला जातो. आच वाढवली किंवा दहा मिनिटे जास्त ठेवला तर त्याला जाळी पडते आणि पाणी सुटते. चीजकेकचेही तसेच होते, फक्त जाळीऐवजी वरून भेग पडते. आता करायचा आहे खरवसाचाच चुलतभाऊ, खाली बिस्किटांचा थर आणि पोटात आंबा असलेला, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

खालचे प्रमाण १८ सेंमी (७ इंची) गोल टिनचे आहे. त्यात ८ ते १० जणांचे तुकडे होतात. वजनकाटा हवाच. वाटी आणि कप घरोघरी वेगळे असतात आणि या पदार्थात ५० ग्रॅमचा फरक चांगलाच जाणवतो.

१. वेळापत्रक: दोन रात्री हाताशी ठेवा

रविवारी दुपारी वाढायचा असेल तर शुक्रवारी रात्री दही टांगा, शनिवारी सकाळी आंबा आटवा, दुपारी बेक करा आणि शनिवारची रात्र फ्रीजमध्ये जाऊ द्या. सकाळी करून संध्याकाळी कापायचा हट्ट धरू नका. थंड होण्याच्या ८ तासांत स्निग्धांश घट्ट होतो, त्याआधी सुरी लावली तर ताटात श्रीखंडच येते. चवीला वाईट नसते, पण तुम्ही ज्यासाठी इतका खटाटोप केला ते हे नव्हे.

२. साहित्य आणि साधने

खालच्या थरासाठी:
- डायजेस्टिव्ह किंवा मारी बिस्किटे १५० ग्रॅम
- वितळवलेले बटर ७० ग्रॅम (मारी असेल तर ८०, कारण ती कोरडी असते)

आंब्याच्या भरणासाठी:
- हापूसचा गर २५० ग्रॅम (मध्यम आकाराचे दोन-तीन आंबे)
- साखर २० ग्रॅम
- कॉर्नफ्लोर ८ ग्रॅम, म्हणजे एक सपाट मोठा चमचा
- लिंबाचा रस १ लहान चमचा

मुख्य मिश्रणासाठी:
- क्रीम चीज ३०० ग्रॅम
- घट्ट चक्का २०० ग्रॅम
- दळलेली साखर ११० ग्रॅम
- अंडी ३
- फ्रेश क्रीम १०० ग्रॅम
- कॉर्नफ्लोर १५ ग्रॅम
- लिंबाचा रस २ लहान चमचे, अर्ध्या लिंबाची किसलेली पिवळी साल, व्हॅनिला १ लहान चमचा, चिमूटभर मीठ

साधने: स्प्रिंगफॉर्म टिन (कडी उघडली की बाजू सुटते तो), त्याहून थोडा मोठा एक साधा केक टिन, ओटीजीत (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मावेल असा खोलगट ट्रे, पुरणयंत्र किंवा स्टीलची बारीक चाळण, हाताचा व्हिस्क, रबरी उलथने, बटर पेपर. ओव्हन थर्मामीटर असेल तर फार बरे. ओटीजीच्या खटक्यावर लिहिलेले तापमान आणि आतले तापमान यांत १०-२० अंशांचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे.

आणि एक विजेची गोष्ट. २५-३० लिटरचा ओटीजी साधारण १५०० वॉट खेचतो. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासभर चालवू नका. गिझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा सॉकेट वापरा.

३. खरेदी करताना होणारे घोटाळे

हा भाग नीट वाचा, कारण बिघडलेल्या चीजकेकपैकी बरेच दुकानातच बिघडलेले असतात.

*क्रीम चीज आणि चीज स्प्रेड.* दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखे असतात. चीज स्प्रेड खारट असते आणि ते प्रक्रिया केलेल्या चीजपासून बनवतात. डब्यावर ‘क्रीम चीज’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्या. लसूण-मिरी घातलेले चुकून उचलू नका.

*फ्रेश क्रीम आणि व्हिपिंग क्रीम.* टेट्रापॅकमधले फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचे असते, इथे तेच हवे. बेकरीच्या दुकानात ‘व्हिपिंग क्रीम’ मागितले की बहुतेक वेळा वनस्पती तेलाचे, आधीच गोड केलेले क्रीम हातात ठेवतात. ते आइसिंगसाठी ठीक, इथे नको. बेक केल्यावर टाळूला तुपकट थर चिकटतो.

*कॉर्नफ्लोर आणि मक्याचे पीठ.* आपल्याकडे कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च. पिवळे मक्याचे पीठ भाकरीसाठी असते.

*साखर.* आपली साखर जाड दाण्याची. घट्ट मिश्रणात ती विरघळत नाही, मग माणूस फेटत बसतो, आणि फेटले की हवा शिरते. ती हवा पुढे नडते. म्हणून साखर मिक्सरमधून दळून घ्या. बाजारची आइसिंग शुगरही चालेल.

*बटर.* घरात नेहमी असते ते मीठवाले बटर. बिस्किटांच्या थराला ते चालते, उलट बरेच लागते. फक्त वरून वेगळे मीठ घालू नका.

*आंबा.* हापूस घ्यायचे कारण त्याचा गर घट्ट आणि बिनरेषांचा असतो. केशरही उत्तम चालतो. शिवाय हापूस संपत आला तरी तो बाजारात असतो. पायरी आमरसाला कितीही गोड लागला तरी इथे पातळ पडतो. तोच वापरायचा असेल तर जास्त वेळ आटवावा लागेल. तोतापुरी नको. आंबा पूर्ण पिकलेला, देठाशी वास येणारा हवा, पण सुरकुतलेला नको. फार उतरलेल्या आंब्याला आटवल्यावर आंबूस वास येतो. डबाबंद रस वापरत असाल तर डब्यावर साखरेचा उल्लेख आहे का ते पाहा. असेल तर भरणातली साखर पूर्ण वगळा.

४. चक्का, आणि तो का

सगळे ५०० ग्रॅम क्रीम चीज घातले तरी चीजकेक होतो. पण तो खिशालाही जड आणि पोटालाही, आणि मे महिन्यात दुसरा घास नको वाटतो. जर्मनीत क्वार्क नावाच्या ताज्या आंबट चीजचा चीजकेक घरोघरी होतो. क्वार्कच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची वस्तू म्हणजे चक्का. त्याने आंबटपणा येतो, आणि हापूसच्या गोडव्याला तो हवाच.

म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचे ताजे, गोडसर दही ६०० ग्रॅम घ्या. मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेले, वर वजनाला वाटी. हे सगळे फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात खुंटीला टांगून रात्रभर ठेवलेला चक्का सकाळपर्यंत इतका आंबट होतो की आंब्याची चव झाकून टाकतो. ८-१० तासांनी फडके पिळून बघा, पाण्याचा थेंबही येता कामा नये. चमचा खोचला तर उभा राहिला पाहिजे. पाणचट चक्का हे मऊ, न धरणाऱ्या चीजकेकचे पहिले कारण आहे. डेअरीतून तयार चक्का आणलात तरी तासभर पुन्हा फडक्यात बांधा.

५. आंबा आटवणे

कच्चा रस तसाच पोटात भरला तर काय होते? बेक होताना त्याचे पाणी सुटते, ते आजूबाजूच्या मिश्रणात शिरते आणि मधोमध ओला, फुटलेला पट्टा तयार होतो. म्हणून भरण आधी शिजवून, आटवून, बांधून घ्यायचे.

गर मिक्सरमधून एकदाच फिरवा आणि चाळणीतून गाळा. जाड बुडाच्या कढईत साखर घालून मंद आचेवर सतत हलवत १० मिनिटे ठेवा. रस तडतडून अंगावर उडतो, तेव्हा लांब दांड्याचे उलथने घ्या. कॉर्नफ्लोर एक मोठा चमचा थंड पाण्यात कालवून त्यात सोडा आणि बुडबुडे आल्यावर आणखी एक मिनिट ढवळा. कमी शिजलेल्या कॉर्नफ्लोरची पिठूळ चव थंड झाल्यावर जास्त कळते. आच बंद करून लिंबू पिळा.

उलथन्याने कढईच्या तळाशी रेघ ओढली आणि ती दोन-तीन सेकंद टिकली की झाले. काट्यावर भरण १६० ते १७० ग्रॅम भरले पाहिजे. त्यापुढे नेऊ नका, आपल्याला आंबापोळी घालायची नाही. रंग तपकिरीकडे झुकायला लागला तर आच जास्त आहे. ताटलीत पसरून, वर थेट प्लॅस्टिक चिकटवून फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. गार भरणच मिश्रणात जागेवर राहते, कोमट असेल तर तळाशी जाते.

६. खालचा थर

बिस्किटांचा रव्याएवढा चुरा करा. मैद्यासारखी पूड केली तर थर विटेसारखा कडक होतो, जाड ठेवली तर कापताना भुगा. वितळलेले बटर घालून मुठीत दाबून पाहा, लाडवासारखी मूठ वळली पाहिजे. टिनच्या तळाला बटर पेपर लावा, बाजूंना बटर चोळा. चुरा घालून सपाट बुडाच्या वाटीने दाबा, कडा नीट दाबा. १६० अंशांवर १० मिनिटे बेक करून गार होऊ द्या. ही दहा मिनिटे वाचवली तर वरच्या ओलाव्याने थर चिखल होतो.

७. मुख्य मिश्रण: फेटायचे नाही, एकजीव करायचे

पाश्चात्त्य पाककृतींत लिहिलेले असते की सगळे साहित्य दोन तास आधी फ्रीजबाहेर काढा. तिथल्या खोलीचे तापमान २०-२२ अंश असते. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात दोन तासांत क्रीम चीज पाघळायला लागते. इथे २०-३० मिनिटे पुरेत. बोट दाबले की सहज रुतले पाहिजे, चमक येता कामा नये.

आता इथे श्रीखंडाची रीत कामाला येते. क्रीम चीज आणि चक्का एकत्र करून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून काढा. गुठळ्या इथेच मोडायच्या. अंडी घातल्यावर मिश्रण पातळ होते आणि गुठळ्या त्यात तरंगत राहतात, मग कितीही फिरवा, मोडत नाहीत. मिक्सरच्या भांड्यात घालण्याचा मोह आवरा. मिक्सर मिश्रण तापवतो आणि त्यात हवा भरतो. हवा भरलेला चीजकेक ओव्हनमध्ये ऐटीत फुगतो, बाहेर आल्यावर मधोमध खचतो आणि खचताना फाटतो.

क्रम असा: चाळलेल्या चीज-चक्क्यात दळलेली साखर, कॉर्नफ्लोर आणि मीठ घालून व्हिस्कने ढवळा. मग क्रीम, लिंबाचा रस, साल, व्हॅनिला. अंडी सगळ्यात शेवटी, एकेक करून, आणि प्रत्येक अंडे दिसेनासे होईपर्यंतच. वेलची घालायचा हात आवरता आला तर आवरा. वेलची आणि हापूस म्हटले की खाणाऱ्याला श्रीखंडच आठवते आणि चीजची चव मागे पडते.

भांडे ओट्यावर पाच-सहा वेळा आपटा, दहा मिनिटे राहू द्या, वर आलेले बुडबुडे टूथपिकने फोडा.

८. भरणे

मिश्रण साधारण ८८० ग्रॅम होते. त्यातले ५०० ग्रॅम बिस्किटांच्या थरावर ओता. गार भरण लहान चमच्याने ठिपक्या-ठिपक्यांनी ठेवत जा आणि चमच्याच्या पाठीने हळू जोडा. कडेपासून २ सेंमी जागा सगळीकडून मोकळी राहिली पाहिजे. भरण कडेला टेकले तर तिथे साखर करपते, टिनला चिकटते आणि बाजू सोडवताना भिंत फाटते. थर १ सेंमीपेक्षा जाड नको. ‘आंबा जरा जास्तच घालू’ या उत्साहात अर्धा किलो गर भरला तर वरचा थर खालच्यावर उभा राहत नाही, कापताना सँडविचसारखा घसरतो.

उरलेले मिश्रण थेट ओतू नका. डाव उलटा धरून त्याच्या पाठीवरून सोडा, म्हणजे धार भरणाला भोक पाडत नाही.

९. पाण्यात बसवून बेक करणे

ओटीजीत वरची आणि खालची कांडी (विजेने तापणारी सळई) टिनच्या फार जवळ असते. टिनभोवती पाणी असेल तर तिथले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून कडा आणि मध्य बरोबरीने शिजतात. अगदी खरवसाचे भांडे पाण्यात ठेवतो तसेच.

यात एक नेहमीची फजिती होते. स्प्रिंगफॉर्म टिनला सांध्यातून फट असते. सगळीकडे सांगतात की बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. पण घरगुती फॉइल पातळ आणि कमी रुंद असते. दोन तुकडे जोडले की जोडातून पाणी शिरते आणि बिस्किटांचा थर लापशी होतो. त्यापेक्षा स्प्रिंगफॉर्म टिन थोड्या मोठ्या साध्या केक टिनमध्ये कोरडाच बसवा आणि तो मोठा टिन पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा. मधल्या हवेमुळे ५-१० मिनिटे जास्त लागतात, पण पाणी शिरण्याची भीती उरत नाही.

ओव्हन १५० अंशांवर, दोन्ही कांड्या चालू, पंखा असेल तर बंद, १५ मिनिटे आधी तापवा. ट्रे आत ठेवून मगच त्यात उकळते पाणी २ ते अडीच सेंमी ओता. गार पाणी ओतले तर पहिली वीस मिनिटे पाणी तापण्यातच जातात. अर्ध्या तासानंतर वरचा रंग तपकिरी होऊ लागला तर फॉइलचा तुकडा अलगद झाका, चिकटवू नका.

एकूण वेळ ६० ते ७० मिनिटे. फॉइल झाकण्यापुरते सोडले तर ५५ मिनिटांपर्यंत दार उघडायचे नाही. काचेतून बघा.

झाला कसा ओळखायचा? इथे नवखे सगळ्यात जास्त चुकतात, कारण सुरी खुपसून कोरडी येण्याची वाट बघतात. सुरी कोरडी आली म्हणजे चीजकेक जास्त झाला. टिनला हलकासा धक्का द्या. कडेचा ५ सेंमीचा भाग घट्ट आणि मधला वाटीच्या तोंडाएवढा भाग जेलीसारखा थरथरत असेल तर लगेच बंद करा. मधोमध लाटा येत असतील तर आणखी ७-८ मिनिटे. आणि भरलेल्या चीजकेकमधली मेख अशी की आंब्याचा थर स्वतःच मऊ असतो, त्यामुळे मध्य साध्या चीजकेकपेक्षा थोडा जास्तच हलतो. तो पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहिलीत तर कडा रवाळ होऊन बसतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर भरणाच्या बाहेरच्या बाजूला, कडेपासून दोनेक सेंमी सोडून वरून तिरका घालून मध्याकडच्या मिश्रणात टोक न्या. ६८ अंशांच्या आसपास आले की थांबा.

*मध्येच वीज गेली तर?* उन्हाळ्यात हा प्रश्न खराच आहे. दार उघडू नका. अर्ध्या तासानंतर गेली असेल तर गरम पाण्याच्या जोरावर काम थोडे पुढे सरकते. वीज आली की पुन्हा सुरू करून दर दहा मिनिटांनी हलवून पाहा. सुरुवातीलाच गेली आणि अर्ध्या-पाऊण तासात आली नाही, तर टिन बाहेर काढून थेट फ्रीजमध्ये ठेवा आणि नंतर नव्याने तापवलेल्या ओव्हनमध्ये १० मिनिटे जास्त धरून बेक करा. कोमट अंड्याचे मिश्रण तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका.

१०. गार करणे

भेगा बऱ्याचदा ओव्हनमध्ये पडत नाहीत, बाहेर काढल्यावर पडतात. गार होताना चीजकेक आकसतो. कडा टिनला चिकटलेल्या असतील तर ताण मध्यावर येतो आणि तिथे तो फाटतो.

ओव्हन बंद करा, दारात लाकडी उलथने अडकवून फट ठेवा (ओटीजीचे दार स्प्रिंगने आपोआप मिटते) आणि तासभर हात लावू नका. मग बाहेर काढून पातळ सुरी कडेने एकदा फिरवा, टिनची कडी मात्र अजून उघडू नका. पंख्याखाली ठेवू नका. जास्तीत जास्त तासभर बाहेर. आपल्या ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात तो पूर्ण गार होणारच नाही, कोमट असतानाच फ्रीजमध्ये जाऊ द्या. पहिले दोन तास उघडा ठेवा, नाहीतर झाकणावर वाफ जमून थेंब वर पडतात आणि खळगे होतात. त्यानंतर झाकाच. फ्रीजमध्ये लसणाची चटणी किंवा सुके बोंबील असतील तर चीजकेक त्यांचा वास इमानदारीने उचलतो.

भेग पडलीच तर? वर आंबा येणारच आहे.

११. वरची सजावट

सगळ्यात सोपे आणि माझ्या मते सगळ्यात चांगले: वाढायच्या आधी हापूसच्या बारीक फोडी, बाकी काही नाही. आधीपासून फोडी मांडल्या तर रस सुटतो.

गुळगुळीत पिवळी झिलई हवी असेल तर जिलेटिनऐवजी अगार-अगार, म्हणजेच चायना ग्रासची पूड वापरा. ते समुद्री शेवाळापासून बनते, शाकाहारी आहे आणि एकदा धरले की खोलीच्या उष्णतेने वितळत नाही. जिलेटिन मे महिन्यात टेबलावर पाझरायला लागते. ५० मिली पाण्यात १ ग्रॅम पूड घालून दोन मिनिटे उकळा आणि कोमट केलेल्या १५० ग्रॅम गाळलेल्या गरात ओतून ढवळा. गर फ्रीजमधला गार असेल तर अगार तिथल्या तिथे धरते आणि शेवया होतात. मिश्रण गरमसर असतानाच थंड चीजकेकवर ओता, काही मिनिटांत बसते.

१२. कापणे, ठेवणे, नेणे

टिनची कडी उघडण्याआधी कडेने पुन्हा सुरी फिरवा. लांब, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, एकदा सरळ खाली दाबा आणि बाहेर ओढा. प्रत्येक तुकड्याआधी पुन्हा तेच. न पुसलेल्या सुरीने आंब्याचा थर वरच्या पांढऱ्या थराला फासला जातो. तुकडे १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

फ्रीजमध्ये ३-४ दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी चव जास्त जमून येते. कुणाकडे न्यायचा असेल तर टिनमधून काढूच नका. रात्रभर गार झालेला टिन थर्मोकोलच्या किंवा आइसबॉक्सच्या पेटीत, खाली आणि बाजूंना बर्फाच्या पिशव्या ठेवून न्या. गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला चीजकेक पोहोचल्यावर ओळखू येत नाही.

१३. अंडी चालत नसतील तर

नुसती अंडी वगळून चालत नाही, कारण धरण्याचे काम तीच करतात. ते काम कॉर्नफ्लोरवर सोपवायचे. क्रीम चीज ३०० ग्रॅम, चक्का २०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, दळलेली साखर ३० ग्रॅम, फ्रेश क्रीम ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर २८ ग्रॅम. बाकी सगळे तसेच.

फरक एवढाच की कॉर्नफ्लोर अंड्यापेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेवर, ८५ अंशांच्या पुढे, नीट घट्ट होते. त्यामुळे ‘मध्य थरथरताना बंद करा’ हा नियम इथे तसाच लावू नका. मध्य जेमतेम हलेल इथपर्यंत, साधारण १५-२० मिनिटे जास्त ठेवा. अंड्याचा असतो तितका तो रेशमी होत नाही, थोडा बंगाली भापा दोईकडे, म्हणजे वाफवलेल्या गोड दह्याकडे झुकतो. आंब्याबरोबर ते वाईट लागत नाही.

१४. ओव्हन किंवा आंबा नसेल तर

कन्व्हेक्शनवाल्या मायक्रोवेव्हमध्ये होतो, पण फक्त कन्व्हेक्शन मोडवर. पंखा चालूच राहतो म्हणून १३५-१४० अंश ठेवा आणि वर फॉइल झाका. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये होत नाही आणि धातूचा टिन त्या मोडवर घालायचाही नाही. ओव्हनच नसेल तर मोदकपात्रात मंद वाफेवर, टिनवर फॉइल घट्ट बांधून आणि झाकणाला फडके गुंडाळून ४५-५० मिनिटांत धरतो. आच वाढवलीत तर खरवसाची जाळी इथे अक्षरशः पडेल. बिस्किटांचा थर मऊच राहतो, त्याला इलाज नाही.

आंब्याऐवजी दुसरे फळ घ्यायचे तर त्याच्यात पाणी किती हे बघून आटवायचा वेळ ठरवा. जांभळाचा गर सुंदर रंग देतो. बिया काढून त्यात ४० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला, तुरटपणा कमी जाणवतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. तेव्हाच गोठवून ठेवल्या तर मेमध्ये कामी येतात, फक्त पाणी भरपूर सुटते, तेव्हा आटवायला दुप्पट वेळ धरा. करवंदे थोड्या पाण्यात उकळून चाळणीतून दाबून घ्या. कापा फणसाचे गरे बारीक चिरून शिजवले तर भरणाला छान चावा येतो. अननस घालणार असाल तर पाच-सात मिनिटे चांगला उकळल्याशिवाय दुधाच्या पदार्थाजवळ नेऊ नका. कच्च्या अननसातले एन्झाइम दुधाची प्रथिने तोडते, मिश्रण कडू आणि पातळ होते. कलिंगड आणि खरबूज यांच्या वाटेला जाऊ नका, ते आटवले की हाताला काहीच लागत नाही.

परदेशात असाल तर दह्यापासून चक्का करायची गरज नाही. जर्मनीत फुल फॅट क्वार्क एका रात्रीसाठी फडक्यात निथळत ठेवा, अमेरिकेत घट्ट, बिनगोड ग्रीक योगर्टही तसेच चालते. तिथला मेक्सिकन अताउल्फो आंबा बिनरेषांचा असतो आणि भरणाला चांगला लागतो. हापूसचा वास मात्र हवाच असेल तर गराचा निम्मा भाग डबाबंद हापूस रसाचा घ्या आणि तो आधी आटवून मग ताजा गर मिसळा.